भिंतीची साक्ष कोण देणार?



१६ एप्रिल २०२४, मंगळवार. संयुक्त अरब अमिरातीत त्या दिवशी जो पाऊस पडला, तसा पाऊस १९४९ पासूनच्या तिथल्या नोंदींत कधी सापडला नव्हता. अल ऐन भागातल्या खत्म अल शकला या ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, म्हणजे दहा इंच पाऊस मोजला गेला. अलिबाग-रेवदंड्याकडे वाढलेल्या आपल्या लोकांना दहा इंचांचे काय कौतुक? जुलैत असा दिवस येतोच. पण ज्या मुलखात वर्षभर मिळून जेमतेम चार इंच पाऊस पडतो, तिथे तो एका दिवसात कोसळला की काय होते, ते मी त्या आठवड्यात पाहिले.

मी तेव्हा मुलाकडे, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये होतो. दुबई-अल ऐन रस्त्याला लागून असलेली, सुमारे ७.२ चौरस किलोमीटरची ही वसाहत. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठी मुक्त क्षेत्र म्हणून २००५ मध्ये तिचे प्राधिकरण कायद्याने स्थापन झाले. कंपन्यांबरोबर राहत्या इमारती आल्या, शाळा आल्या, कॉलेजे आली. आमच्या इमारतीत केरळचे, पाकिस्तानचे, इजिप्तचे, फिलिपिन्सचे आणि दोन-तीन घरे मराठी. पावसाने तळघरातल्या गाड्या अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात गेल्या. पाणी काढल्यावर भिंतीवर ओलीचे मोठे डाग उमटले आणि दोन ठिकाणी गिलावा फुगून सुटला.

गुरुवारी संध्याकाळी खाली लॉबीत फ्लॅटमालकांची बैठक झाली. त्यातला एक पुण्याचा तरुण मला म्हणाला, “काका, तुम्ही चाळीस वर्षे आर्किटेक्ट होता. चूक बिल्डरचीच आहे असे एक पत्र लिहून द्या ना. कोर्टात लावता येईल.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटले, “शब्बाथनंतर सांगतो.”

त्या शब्बाथची पाराशा होती मेत्सोरा. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्याच्या वाचनातच होते. ते वाचता वाचता हा सगळा इतिहास मनात जुळत गेला, तो आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळ जण जुन्या इमारतींत राहतात. कुणाकडे नोटीस आली आहे, कुणाकडे येईल. तज्ज्ञ म्हणजे काय, त्याचा शब्द कुठवर चालतो आणि कुठे थांबतो, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

घर पाहणारा कोहेन

वायिक्राच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर पडणाऱ्या डागाचा नियम आहे. भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसू लागले, तर घरधन्याने कोहेनकडे जाऊन सांगायचे. कोहेनने येऊन पाहायचे. संशय आला तर घर सात दिवस बंद ठेवायचे आणि पुन्हा पाहायचे. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत आतून खरवडायची, नवे दगड बसवायचे, नवा गिलावा द्यायचा. एवढे करूनही डाग परत आला, तरच घर पाडायचे. असे घर प्रत्यक्षात कधी झालेच नाही, असेही काही जुन्या विद्वानांचे मत तालमूदमध्ये नोंदलेले आहे. ते काहीही असो, पाहणीची पद्धत किती विचाराने घालून दिली आहे ते बघा: आधी पाहणी, मग थांबणे, मग पुन्हा पाहणी, मग दुरुस्ती, आणि पाडणे अगदी शेवटी.

आता त्यातली एक बारीक गोष्ट. घरधन्याने कोहेनला “माझ्या घरात नेगा आहे” असे सांगायचे नाही, “के-नेगा” असे सांगायचे, म्हणजे “नेगासारखे काहीतरी”. हिब्रूतले ‘के’ हे एकच अक्षर. मिशनाच्या नेगाईम या भागात यावर म्हटले आहे की घरधनी स्वतः विद्वान असला आणि त्याला खात्री असली, तरी त्याने निर्णय उच्चारायचा नाही. “सारखे” एवढेच म्हणायचे.

त्याच नेगाईममध्ये दुसरा नियम आहे. डाग पाहायला कोणीही जाणकार चालतो, पण शुद्ध की अशुद्ध हे कोहेननेच उच्चारायचे. कोहेनला ते शास्त्र येत नसेल, तर जाणकाराने पाहून त्याला सांगायचे आणि कोहेनने तसे जाहीर करायचे. पाहणारा एक, ठरवणारा दुसरा. आजच्या कोर्टात तज्ज्ञ आणि न्यायाधीश यांचे नाते हेच आहे.

पाहणी कधी करायची, यालाही नियम आहे. पहाटे नाही, संध्याकाळी नाही, ढगाळ दिवशी नाही. कारण उजेड कमी-जास्त असला की डागाचा रंग फसवतो. आणि कोहेन घरात पाऊल टाकण्यापूर्वी घर रिकामे करायचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी गरिबाची भांडीकुंडी त्यात सापडत नाहीत. पाहणीच्या नियमांत त्या घरात राहणाऱ्याची काळजी आधीपासून घातलेली आहे.

बाबा मेत्सियामध्ये आणखी एक उपयोगी नियम आहे. कुणाची भिंत रस्त्यावर पडून नुकसान झाले, तर मालकावर एरवी दोष नाही. पण न्यायसभेने “ही भिंत अमुक मुदतीत उतरव” असे सांगितले असेल आणि मुदत उलटल्यावर ती पडली, तर भरपाई मालकाची. मुदत किती? तीस दिवस. धोकादायक बांधकामाची नोटीस ही महानगरपालिकेने काढलेली कल्पना नव्हे. तिचे मूळ फार जुने आहे.

१७८२ चे एक बंदर

आता इंग्लंडकडे वळू, कारण आपल्या कोर्टांची रीत तिथून आली. नॉरफोक परगण्यात वेल्स नावाचे बंदर गाळाने भरत चालले होते. बंदराच्या विश्वस्तांचे म्हणणे असे, की सर मार्टिन फोक्स यांच्या जमिनीला घातलेल्या बांधामुळे भरती-ओहोटीचा ओघ कमी झाला आणि गाळ साचला. फोक्स यांच्या बाजूने जॉन स्मीटन हे अभियंते उभे राहिले. एडीस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधणारे ते हेच. त्यांचे म्हणणे, गाळाचे कारण बांध नाही.

खालच्या न्यायाधीशांनी स्मीटन यांची साक्ष घेतलीच नाही. त्यांचा मुद्दा साधा होता: साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेले सांगावे, मत सांगू नये. वर १७८२ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी उलट ठरवले. बंदरांचा अभ्यास ज्याने आयुष्यभर केला, तोच अशा प्रश्नावर मत देऊ शकतो, म्हणून ते मत ऐकले पाहिजे, असे त्यांनी म्हटले. ‘फोक्स विरुद्ध चॅड’ म्हणून हा खटला प्रसिद्ध आहे. तज्ज्ञ साक्षीदार हा माणूस इंग्रजी कोर्टात उघडपणे उभा राहिला तो इथून.

पण दार उघडले तसा धोकाही आत आला. वादी आपला तज्ज्ञ आणतो, प्रतिवादी आपला. दोघेही फी घेतात आणि दोघेही फी देणाऱ्याच्या सोयीचे बोलतात. एडिनबर्गमध्ये गटाराच्या बोगद्यासाठी सुरुंग लावल्याने घराला तडे गेले, अशी तक्रार असलेल्या खटल्यात १९५३ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञाचे काम नेमके सांगितले. तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष देऊ नये. न्यायाधीशाला तो निष्कर्ष स्वतः तपासून पाहता येईल असे शास्त्रीय मोजमाप त्याच्या हाती द्यावे. १९९९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या सफरचंदांच्या पिकावरून निघालेल्या एका प्रकरणात हेच तत्त्व सांगितले. तज्ज्ञाचे मत सल्ल्यासारखे असते, न्यायाधीश त्याने बांधला जात नाही.

मुंबईतली साक्ष

हिंदुस्थानात १८७२ चा पुरावा कायदा आला. त्याच्या कलम ४५ ने परदेशी कायदा, शास्त्र, कला आणि हस्ताक्षर यांतल्या जाणकाराचे मत पुराव्यात घेण्याची मुभा दिली. कलम ५१ तितकेच महत्त्वाचे: ज्या आधारावर मत बनले, तो आधारही कोर्टापुढे येऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि कलम ४५ मधला विषय आता कलम ३९ मध्ये आहे. दुसरी वाट दिवाणी प्रक्रिया संहितेची, १९०८ ची. तिच्या आदेश २६ खाली कोर्ट स्वतः कमिशनर नेमून त्याला जागेवर पाहणीसाठी पाठवू शकते. त्याचा अहवाल पुराव्याचा भाग होतो आणि त्या कमिशनरलाही प्रश्न विचारता येतात.

शास्त्र आणि कला हे दोन्ही शब्द आर्किटेक्टला लागू पडतात, पण हा धंदा मुंबईत रीतसर उभा राहायला वेळ लागला. १९१७ मध्ये जे. जे. स्कूलच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची संघटना झाली, गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट तिचे अध्यक्ष होते. तिचीच पुढे १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. नोंदणीचा कायदा तर १९७२ चा. त्याआधी आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येक जण सुतार, गवंडी, ओव्हरसियर म्हणून ही कामे करत होते. लाकडाला नुसते ठोकून आतून पोकळ आहे का ते सांगणारी ती माणसे. आपल्या समाजातले जोशुआ एम. बेंजामिन पुढे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे मुख्य आर्किटेक्ट झाले. दिल्लीतली संसद भवनाची ॲनेक्सी त्यांच्या हातची.

मुंबईत आर्किटेक्टला साक्षीच्या पिंजऱ्यात नेले ते मुख्यतः भाड्याच्या घरांनी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला सहज काढता येईना. इमारत पाडून नवी बांधायची आहे, किंवा ती पडायला आली आहे, अशी कारणे सिद्ध करावी लागत. मग मालकाचा आर्किटेक्ट म्हणे इमारत मोडकळीला आली, भाडेकरूंचा आर्किटेक्ट म्हणे दुरुस्तीने उभी राहील. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, तेव्हा उपकर भरणाऱ्या अशा जुन्या इमारती १९,६४२ होत्या. भायखळा, माझगाव, मांडवी, जेकब सर्कल इथल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची घरे त्यांत होती.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे. १९९० च्या सुमारास मध्य मुंबईतल्या एका चाळीच्या दाव्यात मालकाने मला तज्ज्ञ म्हणून नेमले. लाकडी खांबांची, कौलारू, तीन मजली चाळ. मी एका सकाळी गेलो, तळमजल्यावर फिरलो, तीन खांबांना वाळवी लागलेली पाहिली, वरून चिकटवलेल्या पत्र्यांचे फोटो काढले आणि अहवाल दिला. पिंजऱ्यात मला विचारले, “इमारतीची अवस्था कशी आहे?” मी म्हणालो, “पुढचा पावसाळा काढणार नाही.”

उलटतपासणीला भाडेकरूंचे वकील उठले. शांत माणूस. त्यांनी विचारले, “एकूण खांब किती?” मी कागद पाहून सांगितले, बावीस. “आपण ठोकून किती पाहिले?” तीन. “वरच्या मजल्यावर गेलात?” नाही. “छताची कैची पाहिली?” नाही. “मग पुढचा पावसाळा काढणार नाही हे कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हते. न्यायाधीशांनी माझा अहवाल बाजूला ठेवला आणि ते योग्यच होते. भाडेकरूंनी वर्गणी काढून खांब बदलले आणि ती चाळ त्यानंतर बरीच वर्षे उभी राहिली.

कोर्टाबाहेर जिन्यावर त्या चाळीतल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही आमच्या खोलीत आलाच नाहीत.”

मी खोटे बोललो नव्हतो. वाळवी खरी होती. पण ‘के’ हे अक्षर मी गाळले होते.

अहवालांवर उभी असलेली घरे

माझी चूक घरे रिकामी करण्याच्या बाजूची होती. उलट्या बाजूची चूक तर जीव घेते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि सात जण गेले. त्या पुलाचे संरचनात्मक परीक्षण झालेले होते आणि तो वापरात ठेवला गेला होता. तो अहवाल लिहिणाऱ्याला पुढे अटक झाली. २४ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या रायगड जिल्ह्यातच, महाडला, तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि सोळा जण गेले. ती काही शंभर वर्षांची जुनी नव्हती. जेमतेम सात-आठ वर्षांची होती. तिथे बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागार यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. जो साक्षीदार व्हायचा, तोच आरोपी झाला.

म्हणून अहवाल कोणी लिहिला, कसा लिहिला, याला नियम लागले. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा कलम ३५४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस देतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक परीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. जून २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. इमारतींचे वर्ग ठरले. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाचा अहवाल एक म्हणतो आणि रहिवाशांचा दुसरे, असे झाले तर दोन्ही अहवाल तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. पाडण्यापूर्वी कोणाकडे किती जागा होती, त्याची यादी करून ठेवायची.

त्याच २०१४ मध्ये सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण त्याचा हक्क जमिनीतही असतो. पुष्कळ वृद्ध मंडळी केवळ या भीतीने पडक्या घरात राहतात, की बाहेर पडलो तर घर गेले. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. कोहेन आत येण्यापूर्वी भांडी बाहेर काढायची, ही काळजी आजच्या कायद्यातही आहे.

दुबईची रीत

आता पुन्हा दुबईकडे. इथली दिवाणी कोर्टे इंग्रजी पद्धतीची नाहीत. १८०४ च्या फ्रेंच संहितेत नियम होता, की बांधलेली इमारत दहा वर्षांत दोषामुळे पडली तर आर्किटेक्ट आणि ठेकेदार जबाबदार. तो नियम १९४८ च्या इजिप्शियन दिवाणी कायद्यात आला आणि तिथून अमिरातीच्या १९८५ च्या दिवाणी कायद्याच्या कलम ८८० मध्ये. २०२४ मध्ये लागू असलेल्या त्या कलमाप्रमाणे इमारत पूर्ण किंवा अंशतः पडली, किंवा तिच्या मजबुतीला धोका आणणारा दोष निघाला, तर ताबा दिल्यापासून दहा वर्षे आर्किटेक्ट आणि ठेकेदार दोघे मिळून जबाबदार. ही जबाबदारी करार करून झटकता येत नसे. ज्या आर्किटेक्टने फक्त आराखडा केला आणि देखरेख केली नाही, तो आराखड्यातल्या चुकीपुरता जबाबदार. सामाईक मालकीच्या इमारतींसाठी दुबईचा २०१९ चा कायदा क्रमांक ६ आहे: संरचनेच्या दोषांना विकासक दहा वर्षे बांधील, यंत्रे आणि जोडण्यांच्या दोषांना एक वर्ष.

इथे तज्ज्ञ सहसा पक्षकाराचा नसतो, कोर्टाचा असतो. पक्षकारांचे एकमत झाले नाही, तर न्यायाधीश नोंदणी झालेल्या तज्ज्ञांच्या यादीतून माणूस नेमतात आणि त्याच्या खर्चाची रक्कम आधी भरून घेतात. अशा तज्ज्ञांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र संघीय कायदा झाला होता, आणि २०२२ च्या पुराव्याच्या कायद्यातही त्यांच्यावर स्वतंत्र भाग आहे. तज्ज्ञ दोन्ही बाजूंना बोलावतो, कागद मागतो, जागेवर जातो आणि अहवाल देतो. हरकती घेता येतात. न्यायाधीश अहवाल परत पाठवू शकतात, दुसरा तज्ज्ञ नेमू शकतात, आणि कोणत्याही अहवालाने बांधले जात नाहीत.

दोन्ही रीतींना आपापले गुण आहेत. कोर्टाचा तज्ज्ञ कुणाच्या फीचा मिंधा नसतो. पण मला त्या चाळीच्या दाव्यात माझी चूक दाखवली ती समोरच्या वकिलाच्या पाच प्रश्नांनी. एकाने पाहावे आणि दुसऱ्याने विचारावे, ही दोन्ही कामे कुठल्याही रीतीत व्हायलाच हवीत. दुबईत ती हरकतीच्या अर्जातून होतात, मुंबईत उलटतपासणीतून.

मी काय लिहून दिले

शब्बाथ संपल्यावर मी पुन्हा तळघरात गेलो, आणि रविवारी सकाळी उजेडात परत एकदा. सोबत पुण्याचा तो तरुण होता, हातात बॅटरी आणि टेप. आमच्या तक्रारीचा सगळा पैसा एका प्रश्नावर अडकलेला होता. पाणी आले कुठून? उतारावरून सरळ आत आले असेल, तर तो त्या दिवसाचा पाऊस. पंप बंद पडला असेल, तर ती देखभालीची चूक, बिल्डरची नव्हे. पंप मुळातच अपुरा बसवला असेल, तर एक वर्षाची मुदत. आणि बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीच्या सांध्यातून झिरपले असेल, सळ्यांना गंज लागण्याचा धोका असेल, तर तो मजबुतीचा प्रश्न आणि दहा वर्षांची मुदत. डोळ्याला डाग चारही बाबतीत सारखाच दिसतो.

मी पत्र दिले, पण त्यांनी मागितले तसे नाही. तारीख आणि वेळ लिहिली. कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीपर्यंत ओल आहे, ते मोजून लिहिले. दोन ठिकाणी ओल पाणी साचलेल्या रेषेच्या वर आहे, ही गोष्ट लिहिली; ती साचलेल्या पाण्याने होणारी नव्हे. पंपाची नोंदवही मी पाहिलेली नाही, भिंत उघडलेली नाही, काँक्रीटची कोणतीही चाचणी केलेली नाही, हेही लिहिले. शेवटी, सांध्यातून झिरपल्यासारखे दिसते, नोंदणी झालेल्या स्वतंत्र अभियंत्याने भिंत उघडून तपासावी. ‘सारखे’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला.

ते वाचून तो तरुण जरा नाराज झाला. “काका, यात बिल्डर दोषी आहे असे कुठेच नाही.”

मी म्हटले, “ते मी ठरवायचे नाही रे बाबा. मी ठरवायला लागलो, तर समोरचा पहिला प्रश्न विचारील की भिंत उघडून पाहिली का. मग हे सगळे पत्रच गेले.”

पुढे मालकांनी वर्गणी काढून अभियंता नेमला. त्याने दोन्ही गोष्टी शोधल्या: एक पंप त्या दिवशी चाललाच नव्हता, आणि एका सांध्याचे वॉटरप्रूफिंगही सुटलेले होते. दोष वाटला गेला, खर्चही वाटला गेला, आणि प्रकरण कोर्टात न जाता मिटले. पहिल्या दिवशी रागाच्या भरात सगळे बिल्डरवर ढकलले असते, तर पंपाची गोष्ट समोरच्याने काढली असती आणि सांध्याची खरी तक्रारही हसण्यावारी गेली असती.

आपल्या वडीलधाऱ्या वाचकांना एवढेच सांगायचे आहे. घराचा किंवा आपल्या सिनेगॉगचा अहवाल हाती आला, तर वर्ग सी-१ आहे की सी-३ ते पाहण्याआधी चार गोष्टी शोधा. तो माणूस कोणत्या दिवशी आला? कुठे कुठे गेला, आणि कुठे गेला नाही? भिंत उघडून किंवा चाचणी करून पाहिली, की नुसती नजरेने? आणि त्याला नेमले कोणी? ही चार उत्तरे अहवालात नसतील, तर ती लेखी मागा. मांडवीचे शाआर हारहामीम १७९६ पासून आपल्या समाजाचे प्रार्थनास्थळ आहे, ठाण्याचे शाआर हाशामायीम १८७९ चे आहे. त्यांच्या विश्वस्तांनाही असे अहवाल वेळोवेळी वाचावे लागतील. भीतीने घाईत सही करू नका, आणि धोक्याची नोटीस आली तर हट्टाने आतही बसू नका. आधी सुरक्षित जागी जा, जागेची मोजणी लेखी घ्या, मग भांडा.

आणि तज्ज्ञ तुमच्याकडे आला, तर त्याला चहा द्या आणि प्रत्येक खोलीत घेऊन जा. तो नको म्हणाला तरी.